तारीख सांगण्याआधी : अजाइल टीमसाठी एस्टिमेशनचा कामाचा क्रम

अजाइल टीम म्हणजे सॉफ्टवेअर लहान लहान टप्प्यांत बनवणारी टीम. तिच्याकडे कुणी एस्टिमेट, म्हणजे काम किती मोठं आणि कधी होईल याचा अंदाज, मागितलं की आधी एक प्रश्न विचारून घ्या : या आकड्यावर कोणता निर्णय ठरणार आहे?

बजेट मंजूर करायचं की नाही एवढंच ठरवायचं असेल, तर ‘चार ते आठ महिने’ हे उत्तर पुरतं. दोन फीचर्सपैकी आधी कोणतं घ्यायचं असा प्रश्न असेल, तर तारीख लागतच नाही. कोणतं मोठं आणि कोणतं लहान एवढं कळलं की झालं. करारामुळे किंवा कायद्यामुळे तारीख आधीच ठरलेली असेल, तर ‘कधी होईल’ हा मुद्दा निकालात निघाला. तेव्हा शोधायचं ते त्या तारखेपर्यंत काय काय होईल याचं उत्तर. हे न विचारताच कित्येक टीम दोन-दोन दिवस एस्टिमेशनच्या मीटिंगमध्ये घालवतात आणि शेवटी जो आकडा निघतो तो कुणाच्याच कामाचा नसतो.

दुसरी गोष्ट, आणि या लेखाचा सगळा भर तिच्यावरच आहे : टीमने गेल्या काही आठवड्यांत प्रत्यक्ष किती काम पूर्ण केलं, हा एस्टिमेटचा सर्वांत भरवशाचा आधार. अनुभवी माणसाचा अंदाज त्याच्यानंतर. डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलं, की माणूस स्वतःच्या कामाला लागणारा वेळ सातत्याने कमी धरतो. पुढे १९९४ मध्ये ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस या संशोधकांनी मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना त्यांचा प्रबंध कधी पूर्ण होईल असं विचारलं. सरासरी उत्तर साधारण ३४ दिवसांचं आलं. सगळं काही बिघडलं तर किती लागतील, यावर ४९ च्या आसपास. प्रत्यक्षात सरासरी ५५ दिवस लागले, म्हणजे वाईटात वाईट धरलेल्या आकड्याच्याही पुढे. ही मुलं हुशार होती आणि काम त्यांचं स्वतःचं होतं. पण अंदाज बांधताना डोळ्यांसमोर येतं ते काम सुरळीत पार पडल्याचं चित्र. मागच्या वेळी कुठे अडलं होतं ते आठवत नाही. म्हणून मागच्या कामाची नोंद समोर ठेवूनच बसायचं.

पायरी १ : काम तोडून घ्या, पण उभं तोडा

मोठ्या कामाचा अंदाज चुकतो, कारण त्यात काय दडलंय हे अजून कुणी पाहिलेलं नसतं. समजा, दवाखान्यांसाठी अपॉइंटमेंट बुकिंगचं सॉफ्टवेअर करायचंय आणि बॅकलॉगमध्ये, म्हणजे करायच्या कामांच्या यादीत, एक ओळ आहे : ‘पेशंटला अपॉइंटमेंट रद्द करता आली पाहिजे.’ वाचायला साधी वाटते. याचे डेटाबेस, एपीआय (डेटाबेस आणि स्क्रीन यांना जोडणारा भाग) आणि स्क्रीन असे तीन तुकडे पाडण्याचा मोह बऱ्याच टीमना होतो. तो टाळा. तिन्ही पूर्ण होऊन एकमेकांना जोडले जाईपर्यंत वापरणाऱ्याच्या हातात काहीच पडत नाही, आणि जोडतानाच्या अडचणी शेवटच्या आठवड्यात एकदम अंगावर येतात.

त्याऐवजी वापराच्या बाजूने, म्हणजे या तिन्ही थरांतून उभं तोडा. पैसे न भरलेली अपॉइंटमेंट रद्द करणं, ही एक स्टोरी, म्हणजे वापरणाऱ्याच्या उपयोगाचा कामाचा एक लहान तुकडा. २४ तास आधी रद्द केल्यास पूर्ण रिफंड, ही दुसरी. उशिरा रद्द केल्यास काही रक्कम कापून रिफंड, ही तिसरी. डॉक्टरांनीच रद्द केली तर काय, ही चौथी. यातली पहिली एकटी पूर्ण झाली तरी ती प्रॉडक्शनवर, म्हणजे प्रत्यक्ष वापरातल्या सिस्टिमवर, जाऊ शकते आणि कुणाच्या तरी उपयोगाला येते. असं तोडल्याचा आणखी एक फायदा म्हणजे तिसरी स्टोरी पहिल्या रिलीजमध्ये हवीच का, हा प्रश्न आपोआप पुढे येतो. माझ्या मते बॅकलॉग तोडण्यातून मिळणारी सर्वांत मोलाची गोष्ट हीच.

एक स्टोरी दोन-तीन दिवसांत, फार तर आठवड्याभरात संपावी असा आकार ठेवा. सगळ्या स्टोरीज एकसारख्या असण्याची गरज नाही. फक्त एखादी तीन आठवड्यांची अवाढव्य स्टोरी मध्येच लपलेली नको.

याच वेळी ‘पूर्ण’ म्हणजे काय तेही लिहून ठेवा. कोड रिव्ह्यू झाला (सहकाऱ्याने कोड तपासला), टेस्ट पास झाल्या, मर्ज झालं (कोड मुख्य कोडमध्ये मिसळला), स्टेजिंगवर (प्रॉडक्शनआधीच्या चाचणीच्या सिस्टिमवर) तपासलं, लागणारं डॉक्युमेंटेशन झालं, असं जे काही तुमच्याकडे लागत असेल ते. ही यादी नसेल तर ‘झालं’ या शब्दाचा अर्थ डेव्हलपरसाठी एक आणि टेस्टरसाठी दुसरा होतो, आणि मग पुढचं कोणतंच गणित जुळत नाही.

पायरी २ : आकार ठरवताना सगळ्यांचं डोकं वापरा

प्लॅनिंग पोकर ही पद्धत जेम्स ग्रेनिंग यांनी २००२ मध्ये मांडली. प्रत्येकाजवळ कामाचा आकार दाखवणाऱ्या १, २, ३, ५, ८, १३ अशा आकड्यांचे पत्ते असतात, स्टोरी वाचली जाते, शंका विचारल्या जातात आणि मग सगळे एकाच वेळी पत्ते उघडतात. एकाच वेळी उघडणं हा नियम मोडू नका. सीनियरने आधी ‘तीन’ म्हटलं की नव्याने आलेल्या मुलाच्या मनातले आठ तिथेच विरतात.

वरच्या पूर्ण रिफंडच्या स्टोरीवर पत्ते उघडले, असं समजा. तीन डेव्हलपरचे ३, ३ आणि ५, टेस्टरचा १३. अशा वेळी सरासरी काढून पुढे जाणारी टीम पद्धतीचा सगळा उपयोग वाया घालवते. सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा आकडा देणाऱ्याला बोलू द्या. टेस्टर म्हणते, “पेमेंट गेटवेकडून रिफंड लगेच होत नाही, काही वेळ पेंडिंग राहतो. तेवढ्यात त्याच पेशंटने तोच स्लॉट परत बुक केला तर? आणि रिफंड फेलच झाला तर अपॉइंटमेंट रद्द धरायची की चालू?” त्यावर ३ दिलेला डेव्हलपर म्हणतो, “मी तर रिफंड तिथल्या तिथे होतो असंच धरलं होतं.” पुढच्या पाच मिनिटांत स्टोरीच्या दोन स्टोरीज होतात : सुरळीत झालेला रिफंड, आणि अडकलेला किंवा फेल झालेला रिफंड. पत्ते पुन्हा उघडतात, पहिलीला ३ आणि दुसरीला ५ वर एकमत होतं. स्प्रिंटच्या, म्हणजे कामाच्या ठरावीक मुदतीच्या फेरीच्या, आठव्या दिवशी सापडली असती अशी गोष्ट कोड लिहिण्याआधीच सापडली. त्या मीटिंगची खरी मिळकत हीच, पॉइंट्स (पत्त्यांवरचे ते आकडे) दुय्यम.

दोन-तीन फेऱ्यांनंतरही एकमत होत नसेल तर वाद घालत बसू नका. मोठा आकडा घ्या किंवा स्टोरी बाजूला काढा.

पॉइंट्सबद्दल थोडं स्पष्ट सांगायला हवं. स्क्रम या अजाइल पद्धतीच्या अधिकृत मार्गदर्शिकेत स्टोरी पॉइंट्स कुठेही नाहीत. ती कल्पना एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग या दुसऱ्या अजाइल पद्धतीच्या बाजूने आली. पॉइंट म्हणजे एकाच टीममधल्या दोन कामांची तुलना, एवढाच त्याचा जीव. एका टीमचे ४० पॉइंट्स आणि दुसरीचे २५ यांची तुलना निरर्थक आहे. व्हेलॉसिटीवरून, म्हणजे एका स्प्रिंटमध्ये पूर्ण झालेल्या पॉइंट्सवरून, माणसांचं किंवा टीमचं मूल्यमापन सुरू झालं, की पुढच्या दोन-तीन महिन्यांत कालची तीनची स्टोरी आज पाचची होते. आकडा वाढतो, काम तेवढंच राहतं, आणि अंदाजासाठी जपून ठेवलेली नोंद कायमची बिघडते. व्यवस्थापकांना माझी कळकळीची विनंती आहे, व्हेलॉसिटीचं टार्गेट ठेवू नका.

स्टोरीज पायरी १ प्रमाणे लहान तोडल्या असतील, तर पुढच्या गणितासाठी पॉइंट्सची बेरीज करण्याऐवजी पूर्ण झालेल्या स्टोरीज नुसत्या मोजल्या तरी चालतं. लहान-मोठ्याचा फरक पुष्कळ स्टोरीजमध्ये आपोआप मिटतो. मी मोजणंच पसंत करतो.

पायरी ३ : अंधारातल्या कामाला वेगळी वागणूक

काही कामांत माहितीच नसते : नवीन पेमेंट गेटवे, जुन्या सिस्टिममधून डेटा आणणं, कुणालाच नीट न समजणारं एखादं मॉड्यूल. इथे एकच आकडा मागू नका, तीन मागा : सगळं जमलं तर किती, बहुधा किती, आणि अडलं तर किती. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्र प्रकल्पात पर्ट ही पद्धत निघाली. तिचं सूत्र अजूनही उपयोगी पडतं : पहिला आकडा, मधल्याची चौपट आणि शेवटचा यांची बेरीज करून सहाने भागायचं. समजा २, ४ आणि १२ दिवस आले. २ अधिक १६ अधिक १२ म्हणजे ३०, भागिले ६, म्हणजे ५ दिवस. ‘बहुधा चार’ म्हणणाऱ्या माणसाच्या तोंडून जो एक दिवस निसटला होता, तो इथे हिशेबात आला.

सूत्रापेक्षाही २ आणि १२ यांच्यातलं अंतर जास्त बोलतं. पहिल्या आणि शेवटच्या आकड्यात चार-पाच पटींचा फरक असेल तर आधी स्पाइक करा. एक-दोन दिवसांची मुदत बांधून घ्या, फक्त अडचणीचा भाग करून पाहा, लिहिलेला कोड फेकून द्यायची तयारी ठेवा आणि मग एस्टिमेट द्या. अशी कामं बॅकलॉगमध्ये वर आणा. ती शेवटी ठेवली तर तारीख सांगून झाल्यावर धक्का बसतो.

पायरी ४ : स्प्रिंटमध्ये मावेल तेवढंच घ्या

इथे फार गणित नको. मागच्या तीन स्प्रिंट्समध्ये पूर्ण झालेल्या स्टोरीज ७, ११ आणि ९ असतील, तर पुढच्या स्प्रिंटसाठी ९ च्या आसपास घ्या. कुणी रजेवर असेल, सपोर्टची पाळी कुणावर असेल, तर त्या प्रमाणात कमी करा. एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंगमध्ये याला ‘कालचं हवामान’ म्हणत : आजही बहुधा कालसारखंच असेल.

अर्धवट स्टोरीचे अर्धे गुण धरू नका. नव्वद टक्के झालेली स्टोरी त्या स्प्रिंटमध्ये शून्यच मोजायची, पूर्ण होईल तेव्हा एक. २००१ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात स्नोबर्ड इथे जमलेल्या १७ जणांनी अजाइलचा जाहीरनामा लिहिला. त्यासोबतच्या १२ तत्त्वांपैकी एक सांगतं, की चालू स्थितीतलं सॉफ्टवेअर हेच प्रगतीचं मुख्य माप. ‘नव्वद टक्के झालंय’ हे तीन आठवडे रोज ऐकलेल्या कुणालाही हे तत्त्व पटवून द्यावं लागणार नाही.

स्प्रिंटच्या सुरुवातीला टीम जे घेते त्याला स्क्रमच्या मार्गदर्शिकेत आधी ‘कमिटमेंट’ म्हटलं जाई; २०११ च्या आवृत्तीत तो शब्द काढून ‘फोरकास्ट’ केला गेला. बदल योग्यच होता. टीमने शब्द द्यावा तो स्प्रिंटच्या उद्दिष्टाला. घेतलेली प्रत्येक स्टोरी संपेलच असा शब्द कुणी मागू नये.

पायरी ५ : एका वेळी हातात किती काम, यावर मर्यादा

एस्टिमेशन सुधारायचंय आणि करायला एकच गोष्ट निवडायची असेल, तर मी ही निवडेन. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम सरळ आहे : हातात असलेल्या कामांची संख्या भागिले दर आठवड्याला संपणारी कामं, म्हणजे एका कामाला सुरुवातीपासून शेवटापर्यंत लागणारा सरासरी वेळ. टीम आठवड्याला सरासरी ४.७ स्टोरीज संपवते आणि बोर्डवर, म्हणजे कोणतं काम कोणत्या टप्प्यावर आहे ते दाखवणाऱ्या फलकावर, १२ स्टोरीज ‘चालू’ आहेत, तर प्रत्येकीला सरासरी अडीच आठवडे लागणार. वेग तोच ठेवून चालू कामं ६ वर आणली, तर सव्वा-दीड आठवडा.

टाइप करण्याचा वेग कुणाचाच वाढला नाही. कमी झाला तो वाट पाहण्याचा वेळ : रिव्ह्यूची वाट, टेस्टिंगची वाट, दुसऱ्या टीमच्या उत्तराची वाट. स्टोरीच्या एकूण वेळात पुष्कळदा हा भाग प्रत्यक्ष कामापेक्षा मोठा असतो, आणि ‘किती तास लागतील’ या प्रश्नाच्या उत्तरात तो येतच नाही. तासांचं एस्टिमेट बरोबर येऊनही तारीख चुकते ती यामुळेच. तेव्हा बोर्डच्या प्रत्येक कॉलमला मर्यादा घाला. रिव्ह्यूचा कॉलम भरला असेल तर नवीन स्टोरी उघडायची नाही, आधी पडलेले रिव्ह्यू संपवायचे. पहिले दोन आठवडे कुरबुर होईल. होऊ द्या.

पायरी ६ : नोंदीवरून तारीख काढा

आता मूळ प्रश्नाकडे. समजा बॅकलॉगमध्ये ६० स्टोरीज उरल्या आहेत आणि गेल्या १० आठवड्यांत टीमने अनुक्रमे ४, ६, ३, ७, ५, २, ६, ५, ४, ५ स्टोरीज पूर्ण केल्या. एकूण ४७, सरासरी ४.७. साठला ४.७ ने भागलं की १२.८ येतात, म्हणजे १३ आठवडे. बहुतेक जण इथेच थांबतात आणि १३ आठवडे सांगून मोकळे होतात.

या नोंदीप्रमाणे १३ आठवड्यांत काम संपण्याची शक्यता जेमतेम ६० टक्क्यांच्या आसपास आहे. १२ आठवड्यांत संपण्याची साधारण २५ टक्के, १४ आठवड्यांत ८५ च्या वर. हे आकडे माँटे कार्लो पद्धतीने निघतात आणि त्यासाठी साधी स्प्रेडशीट पुरते. एका ओळीत एक काल्पनिक प्रोजेक्ट मांडा. प्रत्येक आठवड्याच्या रकान्यात वरच्या दहा आकड्यांपैकी कोणताही एक यादृच्छिक पद्धतीने येऊ द्या, पुढे बेरीज करत जा आणि ती ६० ला कोणत्या आठवड्यात पोहोचते ते शेवटच्या रकान्यात लिहा. अशा हजार ओळी करा, शेवटचा रकाना चढत्या क्रमाने लावा आणि ८५० वी ओळ वाचा. तिथे जो आठवडा असेल तो संपेपर्यंत काम पूर्ण होण्याची शक्यता ८५ टक्के.

पण एवढ्यावर समाधान मानू नका. हे गणित बॅकलॉग गोठलेला धरतं आणि बॅकलॉग कधीच गोठत नाही. बग निघतात, वापरणाऱ्यांना पाहिल्यावर नव्या गोष्टी सुचतात, एका स्टोरीच्या दोन होतात. म्हणून दर आठवड्याला किती स्टोरीज वाढतात तीही नोंद ठेवा. वाढ आठवड्याला फक्त एक असली तरी खरा वेग ४.७ वरून ३.७ वर येतो. मग ६० स्टोरीजना सरासरीने १६ च्या वर आठवडे लागतात आणि ८५ टक्क्यांचा भरवसा हवा असेल तर १८ आठवडे सांगावे लागतात. साध्या भागाकाराचे १३ आणि हे १८. प्रोजेक्ट उशिरा झाले की पुष्कळदा टीमच्या वेगाला दोष दिला जातो, पण यातले बरेचसे आठवडे बॅकलॉगच्या वाढीने खाल्लेले असतात.

टीम नवी असेल आणि नोंदच नसेल तर? बॅरी बोएम यांनी १९८१ मध्ये मांडलेल्या चित्रानुसार प्रोजेक्ट नुसता कल्पनेच्या टप्प्यावर असताना अंदाज प्रत्यक्षाच्या चौपट किंवा जेमतेम पावपट ठरू शकतो. त्यामुळे सुरुवातीला रुंद पट्टाच सांगा, सोबत पुढचा अंदाज कोणत्या तारखेला देणार ते सांगा, आणि सर्वांत धोक्याच्या स्टोरीज घेऊन काम सुरू करा. पाच-सहा आठवड्यांची नोंद हातात आली की वरची पद्धत लावता येते.

पायरी ७ : आकडा कसा सांगायचा आणि कसा बदलायचा

“१८ आठवड्यांत होईल” असं म्हणू नका. असं म्हणा : “आजच्या वेगाने आणि बॅकलॉग वाढण्याच्या आजच्या गतीने १८ आठवड्यांत ६० स्टोरीज होण्याची शक्यता ८५ टक्के आहे. १४ आठवड्यांतच रिलीज हवं असेल, तर बॅकलॉगच्या वरच्या साधारण ४५ स्टोरीज त्यात येतील. पुढचा अंदाज शुक्रवारी देतो.” ऐकणाऱ्याच्या हातात आता निवड आहे. बहुतेकदा तो विचारतो, “त्या ४५ मध्ये काय नसेल?” आणि हवा असलेला संवाद तिथूनच सुरू होतो.

“मग माणसं वाढवू” हे उत्तर येईलच. फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्ये लिहून ठेवलंय, की उशीर झालेल्या प्रोजेक्टवर माणसं वाढवली तर तो आणखी उशिरा होतो. नव्या माणसाला तयार करायला जुन्यांचाच वेळ जातो आणि आपसातलं बोलणंही वाढतं. माणसं वाढवायचीच असतील तर सुरुवातीला वाढवा. टेस्टिंग कापणं हाही पर्याय मानू नका. वरच्याच उदाहरणात बगमुळे बॅकलॉगची वाढ आठवड्याला एकऐवजी दोन झाली, तर ६० स्टोरीजना सरासरीने २२ च्या वर आठवडे लागतात. उरतात ते दोन खरे मार्ग : स्कोप, म्हणजे करायच्या कामाची व्याप्ती, कमी करा किंवा तारीख पुढे घ्या. टप्प्याटप्प्याने रिलीज करता आलं तर दोन्हींचा थोडा थोडा उपयोग होतो.

दर आठवड्याला नवा अंदाज काढा आणि तो जुन्याच्या खाली लिहा, जुना खोडू नका. अंदाज एखाद्या आठवड्याने मागे-पुढे झाला तर चालायचंच. सलग तीन आठवडे तो एकाच दिशेने सरकत असेल, तर चौथ्याची वाट न पाहता त्याच दिवशी संबंधितांना कळवा. सोबत कोणत्या स्टोरीज काढता येतील त्याची यादीही जाऊ द्या.